वस्तीतल्या घरांसाठी आरोग्यमाहितीची पेटी : काय ठेवावे आणि कोणत्या शब्दांत?

ऐरोलीची_ताई (धागाकर्ती)

नमस्कार. ऐरोलीतल्या दोन-तीन सोसायट्यांमधल्या आम्ही सहा जणी गेली काही वर्षे दिघा आणि तुर्भे परिसरातल्या वस्त्यांमध्ये लसीकरण सत्राच्या दिवशी मदतीला जातो. आमच्यापैकी कोणीही वैद्यकीय शिक्षण घेतलेले नाही. रांग लावणे, कार्डे वेगळी करणे, वजनकाट्यावरचे बाळ उचलून आईच्या हातात देणे, एवढेच आमचे काम. आता तिथल्या आशाताईंच्या सांगण्यावरून आम्ही एक पेटी तयार करत आहोत. ती सत्राच्या जागी कायम राहील आणि कोणत्याही घरातल्या माणसाला तिच्यातून आपल्या उपयोगाची आरोग्यविषयक माहिती मिळेल, अशी कल्पना आहे. त्यासाठी हा धागा काढला आहे.

अडचण कुठे आहे ते एका प्रसंगावरून सांगते. गेल्या पावसाळ्यात अकरा महिन्यांच्या एका मुलाला जुलाब होत होते आणि ओआरएस दिले की तो ओकतो, अशी तक्रार घेऊन त्याची आई आली. कुटुंब यादगीरकडचे. घरात लंबाणी बोलतात, आई कन्नड शाळेत चौथीपर्यंत गेलेली, बाजारात तिचे हिंदीवर भागते आणि दवाखान्यात तिला मराठी ऐकावी लागते. आशाताईंनी तिला “कसं करतेस ते दाखव” म्हटल्यावर तिने घरून स्टीलचा पेला आणला, तो पाण्याने भरला आणि एक लिटरसाठी असलेले अख्खे पाकीट त्यात ओतले. मी चव घेऊन पाहिली, तर एक घोटही गिळवेना. पत्रक तिला मिळालेले होते. बाळाच्या माता-बाल संरक्षण कार्डात चार घड्या घालून तिने ते जपून ठेवले होते. त्यावर शुद्ध मराठीत “एक लिटर पिण्यायोग्य पाण्यात संपूर्ण पाकीट विरघळवावे” असे छापलेले होते आणि शेजारी चित्र काढलेले होते ते पेल्याचे! तिला अक्षरे वाचता येत नव्हती, चित्र मात्र कळत होते. म्हणून तिने चित्रात दिसले तसे केले.

यात भर म्हणजे औषधाच्या दुकानात साधारण २१ ग्रॅमचे, एक लिटरसाठीचे पाकीटही मिळते आणि २०० मिलीलिटरसाठीची छोटी पुडीही मिळते. दिसायला दोन्ही सारखीच. तेव्हा या पेटीत कोणत्या भाषा असाव्यात, कागद असावा की ध्वनिमुद्रण, आणि विश्वासाने वापरता येईल असे तयार साहित्य कुठे आहे, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सिस्टर_कळवा

ताई, मी एकतीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले, त्यातली बरीच वर्षे वस्तीपातळीवर गेली. भाषा किती घ्यायच्या हे नंतर ठरवा, आधी मराठीतच कोणता शब्द वापरायचा ते ठरवा. आपली सरकारी मराठी आणि वस्तीतली मराठी या दोन वेगळ्या बोली आहेत. आपण “अतिसार” छापतो, घरात “जुलाब”, “हगवण” किंवा “ढाळ” म्हणतात. आपण “हिवताप” लिहितो, लोक “मलेरिया” म्हणतात. “क्षयरोग” हा शब्द भिंतीवर असतो, तोंडात मात्र “टीबी”च असतो.

एकदा एका गरोदर बाईच्या कार्डावर “रक्तक्षय” असे लिहिले गेले. तिच्या नवऱ्याने ते वाचले, त्यातला “क्षय” तेवढा त्याच्या लक्षात राहिला आणि सासूने त्याच संध्याकाळी तिचे ताट-वाटी वेगळे केले. चार दिवसांनी मी घरभेटीला गेले, तर ही बाई दाराबाहेरच्या ओट्यावर एकटी जेवत बसलेली. तिच्या अंगात रक्त कमी होते, लोहाच्या गोळ्या घ्यायच्या होत्या, बाकी काही नाही. त्या दिवसापासून मी “अंगात रक्त कमी आहे” असेच लिहीत आणि बोलत आले. वरिष्ठांनी एकदा ते खोडून पुन्हा “रक्तक्षय” केले होते, हेही सांगून ठेवते.

ओआरएसच्या माहितीबरोबर झिंकची माहिती नक्की ठेवा, कारण ती नेहमी मागे पडते. झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅमची एक, आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला तीच गोळी अर्धी. चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात ती विरघळते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात, गोळ्याही तिसऱ्या दिवशी थांबतात आणि उरलेल्या गोळ्या कपाटावर पडून राहतात. कालवलेले ओआरएस २४ तासांनंतर टाकून द्यायचे आणि अंगावर पाजणे चालूच ठेवायचे, ही दोन वाक्येही हवीत.

शंकेखोर

माझा प्रश्न कोणाला कडवट वाटला तर आधीच क्षमा मागतो. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी, ही अपेक्षा चूक आहे का? आठ भाषांत पत्रके छापत बसलो तर मराठी शिकण्याचे कारणच उरणार नाही. आणि छापायचीच असतील, तर आता भ्रमणध्वनीवर क्षणात भाषांतर होते, त्यासाठी माणसे गोळा करण्याची गरज काय?

मुंब्र्याचा_मास्तर

शंकेखोर, मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे तुमच्या पहिल्या मुद्द्याशी माझा रोजचा संबंध आहे. माझे विद्यार्थी मराठी शिकतात आणि चांगली शिकतात. परंतु सहा आठवड्यांच्या बाळाची लस ही त्याच्या आईची मराठी सुधारेपर्यंत थांबत नाही. २०२२च्या हिवाळ्यात गोवंडीत आणि भिवंडीत गोवराची साथ आली, तेव्हा मधल्या पट्ट्यात राहणारे आम्ही सगळेच धास्तावलो होतो. साथ थोपवायची तर शंभरातल्या सुमारे ९५ मुलांना गोवराच्या लसीचे दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. उरलेल्या घरांना भाषा कळली नाही, तर त्याची झळ मराठी घरातल्या नऊ महिन्यांखालच्या बाळालाही लागते, कारण त्याची लसीची वेळच आलेली नसते.

दुसऱ्या मुद्द्याविषयी. हिंदीत “टीका” म्हणजे लस, “दस्त” म्हणजे जुलाब आणि “शिक्षा” म्हणजे शिक्षण. हे तिन्ही शब्द मराठीतही आहेत आणि तिन्हींचे अर्थ इथे भलतेच होतात. आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर “बाळाला वेळेवर टीका करा” असा संदेश आला होता. त्यावर आजोबा मंडळींनी बाळांवर जी टीका केली ती इथे लिहिण्यासारखी नाही. उलट दिशेचा घोटाळा अधिक वाईट असतो. मराठीत “जुलाब” हा त्रास आहे, हिंदीत “जुलाब” म्हणजे पोट साफ करण्याचे औषध. “जुलाब झाल्यास” याचे यंत्राने काय केले हे तपासणारा माणूस लागतोच.

उर्दूबाबत दोन गोष्टी नमूद करतो. मुंब्रा-कौशात राहणारे प्रत्येक घर उर्दू बोलते असे समजू नये. कोकणी मुसलमानांच्या घरात मराठीचीच बोली बोलली जाते आणि त्यांच्यातल्या कित्येक आज्यांना उर्दू लिपीपेक्षा देवनागरी सोपी वाटते. आणि जिथे उर्दू हवी आहे तिथे ती छापखान्यातून बाहेर पडताना नीट पाहावी लागते. एका पत्रकात सगळी अक्षरे सुटी-सुटी आणि डावीकडून उजवीकडे छापली गेली होती, कारण अक्षरजुळणी करणाऱ्याच्या संगणकात ती लिपी बसतच नव्हती. हजार प्रती वाटल्या गेल्या आणि एकाही वाचकाला त्यातला एक शब्द लागला नाही. माझ्या सातवीच्या मुलांनी मात्र तो कागद कोड्यासारखा सोडवला.

डॉ_बालरोग

मास्तरांनी लिहिल्याप्रमाणे नऊ महिन्यांखालची बाळे हा खरा नाजूक गट आहे. आपल्या वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. २०२२च्या साथीत जिथे नऊ महिन्यांखालच्या रुग्णांचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक होते, तिथे ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस देण्याची केंद्राची सूचना होती. हा डोस नेहमीच्या दोन डोसांत धरायचा नव्हता. किती आयांना ही गोष्ट समजली असेल? माझ्याकडे त्यानंतर कित्येक महिने “दोन झाले ना, आता कशाला?” असे विचारणाऱ्या आया येत होत्या.

मला या धाग्यात एक वेगळी गोष्ट मांडायची आहे. आपण साहित्याविषयी बोलत आहोत, पण दवाखान्यात प्रत्यक्ष भाषांतर कोण करते? घरातले शाळेत जाणारे मूल. काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती आणि तिची तिसरीतली मुलगी दुभाष्याचे काम करत होती. बाळाविषयीचे बोलणे संपल्यावर आईने खाली मान घालून मुलीला काहीतरी सांगितले. मुलगी गप्प बसली, दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करू लागली, आणि मग म्हणाली, “आई म्हणते, काही नाही.” मी बाहेरच्या मावशींना आत बोलावले, मुलीला बिस्किटे आणायला पाठवले, तेव्हा कळले की बाळंतपणाला दोन महिने होऊन गेले तरी बाईला सतत रक्तस्राव होत होता. त्या मुलीला शब्द येत नव्हते असे नाही. ते आपण बोलू नयेत, इतके तिला कळत होते.

म्हणून तुमच्या पेटीत एक वही ठेवा. त्या वस्तीत कोणती भाषा बोलणारी कोणती प्रौढ बाई, कोणत्या वेळी मदतीला येऊ शकते, हे तिच्या संमतीने त्यात लिहिलेले असावे. दुसरे, “समजले का?” हा प्रश्न विचारणे सोडून द्या, कारण त्याचे उत्तर नेहमी “हो” असते. “आता घरी जाऊन सासूबाईंना काय सांगाल, ते मला सांगा” असे म्हणावे. तुमच्या आशाताईंनी पेला आणायला लावला, तीच उत्तम तपासणी होती.

आणि भाषा अजिबात न लागणारी एक वस्तू सुचवतो, दंडाचा घेर मोजण्याची पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. ज्या आईला एकही अक्षर येत नाही तीही लाल रंग पाहून थबकते.

परदेशी_ग्रंथपाल

मूळची ठाण्याच्या नौपाड्यातली, आता अमेरिकेत एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. धागाकर्तीने तयार साहित्याबद्दल विचारले आहे, म्हणून लिहिते. तिथल्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे मेडलाइनप्लस हे संकेतस्थळ अनेक भाषांतील आरोग्यपत्रके एकत्र देते आणि त्यात हिंदी, उर्दू, बंगाली यांचाही समावेश आहे. त्यातल्या बऱ्याच पत्रकांत इंग्रजी मजकूर आणि भाषांतर एकत्रच दिलेले असते. त्यामुळे भाषा न येणाऱ्या परिचारिकेलाही आपण समोरच्याच्या हातात नेमके काय देत आहोत हे कळते. ही मांडणी उचलण्याजोगी आहे.

मजकूर मात्र जसाच्या तसा उचलू नका. तिथे गोवराची पहिली लस १२ ते १५ महिन्यांत देतात, आपल्याकडे नवव्या महिन्यापासून. तिकडचे बंगाली पत्रक तुर्भ्यातल्या मालद्याच्या कुटुंबाला दिले, तर ते निष्कारण तीन महिने थांबतील.

सिस्टर_कळवा

वरच्या प्रतिसादाला जोडून लिहिते. लस दिल्यानंतर आम्ही प्रत्येक आईला चार गोष्टी सांगत असू: आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, त्रास झाला तर कोणता आणि त्यावर काय करायचे, पुढच्या वेळी कधी यायचे, आणि कार्ड जपून ठेवून येताना बरोबर आणायचे. त्यानंतर अर्धा तास तिथेच बसायचे. तुमच्या पेटीचा गाभा या चार वाक्यांचा ठेवा आणि तीच तेवढी प्रत्येक भाषेत उत्तम करा. पुढच्या तारखेची गडबड फार होते. बाई कॅलेंडर पाहत नाही, तिला “पुढच्या महिन्यातला दुसरा बुधवार” कळतो. गावी गेलेल्या बाळाला जिथे असेल तिथे लस मिळते, हे वाक्यही मोठ्या अक्षरांत हवे, कारण “कार्ड नवी मुंबईचे आहे, इकडे चालणार नाही” या समजुतीने पुष्कळ डोस बुडतात.

पाड्यावरचा

मी येऊरच्या एका पाड्यावर राहतो. इथे वाचताना वाटते की माहितीची अडचण फक्त बाहेरून आलेल्यांची आहे. आमच्या घरात वारली बोलतात, शाळा मराठीत झाली, कागद वाचता येतो. पण सत्राची वेळ सकाळी दहाची आणि आई-बाबा त्या वेळी कामावर निघून गेलेले. माहिती आली ती अकरा वाजता, घरातल्या म्हाताऱ्या आजीच्या हातात. तिने कागद देवाच्या फळीवर ठेवला, कारण सरकारी शिक्का होता. तुमची पेटी कधी उघडी असेल, याचाही विचार करावा, एवढेच.

खाडीपलीकडचा

पत्नी आणि मी दोघेही कर्णबधिर आहोत. “ध्वनिमुद्रण ठेवू” असा पर्याय वर आला आहे. त्याबरोबर चित्रफीत असावी आणि तिच्यावर मजकूर असावा, अशी विनंती. १०४ (आरोग्यसल्ला) आणि १०८ (रुग्णवाहिका) हे क्रमांक सगळीकडे लिहिलेले असतात, पण आमच्यासारख्यांनी ते लावून बोलायचे काय? आमच्या बाळाच्या वेळी शेजारच्या काकू फोन लावत असत. त्यामुळे क्रमांकाखाली “शेजाऱ्याला हे दाखवा” असे एक कार्ड असले, तर ते आमच्यापुरतेच उपयोगी ठरणार नाही.

शंकेखोर

प्रतिसाद वाचून माझा दुसरा मुद्दा मागे घेतो. पहिला अजून पूर्ण सोडलेला नाही, परंतु बाळाच्या लसीशी त्याची गाठ घालणे योग्य नव्हते. एक व्यवहाराचा प्रश्न उरतो. आठ भाषांतला मजकूर तपासणार कोण? पल्स पोलिओच्या काळात माझी आई शिक्षिका म्हणून बूथवर बसायची आणि नंतर घरोघरी फिरून खडूने दारावर खुणा करायची. ज्या घरातले एकही मूल सुटले नाही तिथे “पी”, जिथे कोणी राहिले तिथे फुली. फुलीच्या घरी परत जायचे, एवढी साधी शिस्त होती. तशी काही शिस्त इथेही हवी.

मुंब्र्याचा_मास्तर

फुलीची आठवण चांगली काढलीत. त्या फुलीच्या घरांशी बोलायला उत्तर प्रदेशात आणि बिहारात त्याच मोहल्ल्यातल्या बायका नेमल्या गेल्या, मशिदींतून घोषणा झाल्या, वीटभट्ट्या आणि बांधकामे यांच्या वेगळ्या याद्या केल्या गेल्या. १३ जानेवारी २०११ला हावड्यात शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ला भारतासह दक्षिण-पूर्व आशिया प्रदेश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्यात पत्रकाचा वाटा होता, पण “ही आमच्या गल्लीतली आहे” या ओळखीचा मोठा होता. आमच्याकडेही शुक्रवारच्या नमाजानंतर इमामसाहेबांनी दोन वाक्ये सांगितली, की सोमवारी रांग वाढलेली दिसते.

ऐरोलीची_ताई (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांत काय झाले ते कळवते.

आम्ही भाषांची यादी करण्याआधी एकाच आजाराचे नाव घरोघरी विचारत गेलो. मराठीत गोवर, हिंदी-उर्दूत खसरा, गुजरातीत ओरी, कन्नडमध्ये दडार, बंगालीत हाम, ओडियात मिळिमिळा आणि तेलुगूत तट्टु. शेवटचे नाव ऐकून आमच्यातली एक जण घोड्यावरून काही विनोद करणार होती, पण समोरच्या आजी त्या आजाराने गेलेल्या नातवाविषयी बोलत होत्या. काही घरांत “माता आली” एवढेच म्हणतात आणि तसे म्हटले की औषध द्यायचे नाही, अशी समजूत आहे. म्हणून गोवराच्या पानावर या सगळ्या नावांची एक ओळ वर घेतली आहे. “माता” हा शब्द घ्यावा की नाही यावर आमच्यात अर्धा तास वाद झाला. शेवटी सिस्टरांना फोन करून विचारले आणि तो घेतला, कारण ज्या घरात तोच शब्द चालतो, त्या घराला ते पान आपले वाटले पाहिजे.

ओआरएसच्या पानावरचा पेला काढून टाकला. त्याजागी बाजारात मिळणारी पाण्याची एक लिटरची बाटली आहे, आणि खरी रिकामी बाटलीसुद्धा पेटीत ठेवली आहे. दुकानातले गोड फळपेय हे ओआरएस नव्हे, यासाठी फुली मारलेले चित्र आहे. क्रमांकांच्या पानावर १०४ आणि १०८ यांच्याबरोबर मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानसचा १४४१६ घेतला, कारण तिथे २० भाषांत बोलता येते. त्याखाली “शेजाऱ्याला हे दाखवा” हे कार्ड चिकटवले आहे. टीबीच्या पानावर दोन आठवड्यांहून जास्त खोकला, मोफत तपासणी आणि पोषणासाठी दरमहा मिळणारे १००० रुपये, एवढेच ठेवले. पूर्वी ही रक्कम ५०० होती आणि भिंतीवरच्या जुन्या कागदावर अजून तीच दिसते, म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात महिना आणि वर्ष लिहायला सुरुवात केली आहे. पेटीची किल्ली महिला आरोग्य समितीतल्या एका ताईंकडे आहे आणि पाड्यावरच्या मित्राच्या सूचनेवरून ती मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ उघडी राहील.

तपासणीचा नियम असा ठरला आहे: प्रत्येक पान त्या भाषेच्या तीन घरांत न्यायचे, वाचून किंवा ऐकवून दाखवायचे आणि समोरच्याने करून किंवा सांगून दाखवायचे. एका घरात जरी अडले, तरी पानावर खडूची फुली. काल लंबाणीतले ध्वनिमुद्रण घेऊन आम्ही त्याच पेल्याच्या आईकडे गेलो. ते तिच्याच जावेच्या आवाजात आहे. पहिल्यांदा ऐकताना ती हसतच सुटली, कारण जाऊ फोनमध्ये फार अदबीने बोलत होती. दुसऱ्यांदा ऐकून तिने बाटली भरली, पाकीट फोडले, सगळे ओतले, झाकण लावून हलवले आणि थोडे वाटीत काढून आधी स्वतः चाखले. आमच्या मजकुरात “आधी स्वतः चाखा, अश्रूंपेक्षा खारट लागू नये” हे वाक्य नव्हतेच. ते आता घातले आहे.

कन्नड, उर्दू आणि बंगाली पाने तपासून झाली. तेलुगू आणि ओडिया पानांवर अजून फुली आहे. वाशी, कोपरखैरणे किंवा तुर्भे भागात या दोन भाषा घरात बोलणारे कोणी असेल, तर येत्या शनिवारी सात वाजता तासाभरासाठी यावे. व्यक्तिगत निरोप पाठवल्यास जागा कळवते.